स्थानिक नभोवाणी आणि वृत्तबंदी

मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये हौशी प्रक्षेपण आरंभिले. १९३० मध्ये नभोवाणी सरकारच्या हाती गेली. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता व सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालविलेले काँग्रेस रेडिओ केंद्र त्याच वर्षी पोलिसांनी बंद पाडले. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही केंद्र काढण्याची मुभा मिळाली व म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ ऐकू येऊ लागले. मात्र त्याच धोरणाने वृत्ते व राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडी वर्ज्य ठरविल्या. म्हणजे काष्टीच्या गुरांच्या बाजारातील बोली अशा केंद्रावरून गाण्यांत व ग्रंथचर्चेत यावी, परंतु राजकीय कारभाराविषयी तिने मौन पाळावे. भाषेचा कस तर वादातच लागतो.