बी.ए.ची फी कोणी भरली?

बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील पालक आमच्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: "फादर, मुलगी आर्ट्सला जायचे म्हणते. चांगले आणि आम्हांला झेपेल असे कॉलेज कोणते?" प्रश्न साधा आहे, परंतु त्यातील 'झेपेल' या एका शब्दात गिरगावपासून परळपर्यंतच्या मुंबईचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो चाळून पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. कलाशाखेचे चांगले शिक्षण या शहरात कधीच स्वस्त नव्हते. ज्यांना ते स्वस्तात मिळाले, त्यांच्या वाट्याचा भार दुसऱ्या कोणीतरी उचललेला होता. तो कोणी उचलला आणि आज तो कोणाच्या खांद्यावर आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रारंभ एल्फिन्स्टनपासून करावा लागतो. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली निवृत्त झाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या गौरवार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला. इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य विद्या शिकविणारे प्राध्यापक नेमण्यासाठी तो वापरावा असे ठरले आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय आकारास आले. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. १८६२ साली बी.ए.ची परीक्षा प्रथमच उत्तीर्ण झाले ते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांपैकी रानडे आणि भांडारकर हे दक्षिणा फेलो होते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमदानीत त्या रकमेतील काही भाग विद्यावृत्त्यांकडे वळविण्यात आला. म्हणजे आपल्या पहिल्या पदवीधरांमागे नागरिकांची वर्गणी होती आणि एका जुन्या दानाचा नवा विनियोगही होता. तो ओघ समाजाच्या एका लहानशा थरापर्यंतच पोहोचला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरा ओघ मिशनऱ्यांचा. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली गिरगावात आंब्रोळी येथे इंग्रजी शाळा सुरू केली. तिच्यातूनच विल्सन महाविद्यालय उभे राहिले. चौपाटीसमोरची त्याची आजची वास्तू १८८९ सालची. दूर स्कॉटलंडमधील भाविकांनी मिशनसाठी दिलेला पैसा अशा रीतीने गिरगावातल्या मुलांच्या कामी आला. कोकणातून आलेले पांडुरंग वामन काणे येथलेच पदवीधर. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहून पुढे 'भारतरत्न' झालेल्या या पंडिताचे एका ख्रिस्ती महाविद्यालयात शिक्षण व्हावे, यात आम्हांला विसंगती वाटत नाही. ज्ञानदान निरपेक्ष असेल तर ते असेच फळते.

धोबीतलावचे सेंट झेवियर्स महाविद्यालय येशूसंघीयांनी १८६९ साली स्थापन केले. येशूसंघाच्या शिक्षणपरंपरेत एक जुना दाखला आहे. १५५१ साली रोममध्ये संघाने आपले विद्यालय उघडले, तेव्हा दारावरच्या फलकात शिक्षण मोफत असल्याचे नमूद केले होते. संत इग्नाती यांचा आग्रह विनामूल्य शिक्षणाचा होता. परंतु त्याचबरोबर विद्यालयाच्या निर्वाहासाठी कायम उत्पन्नाची तजवीज असल्याखेरीज ते उघडू नये, अशीही दक्षता संघ घेत असे. औदार्य आणि हिशेब यांची ही सांगड आम्हांला फार महत्त्वाची वाटते. मुंबईत या व्रतस्थांनी आपले आयुष्य हेच भांडवल म्हणून घातले. स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास १९२२ साली येथे आले, १९२६ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था उभारली आणि १९५५ साली देह ठेवीपर्यंत ते या कामात राहिले. अशा अध्यापकांची किंमत फीच्या पावतीवर कधी छापली जात नाही.

परंतु दाता आणि महाविद्यालय दोन्ही असूनही गरिबाच्या मुलाला दार उघडतेच असे नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण परळचे आहे. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत. मुलाला पुस्तके घेण्यासाठी ते लग्न झालेल्या लेकींकडून दागिने मागून आणीत आणि गहाण टाकीत. मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेला, इंटरही झाला आणि तेथे पैसा संपला. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर या मुलाला चर्नी रोडच्या बागेतील त्याच्या वाचनामुळे ओळखत होते. त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडेही दिले. १९१२ साली तो मुलगा बी.ए. झाला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. बाप, शाळामास्तर, प्राध्यापक आणि संस्थानिक असे चार हात लागले, तेव्हा ही एक पदवी घडली. केळुसकरांच्या जागी आपण असतो तर बागेत वाचत बसलेल्या त्या मुलाची चौकशी केली असती काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने आणि धर्मगुरूने स्वतःला विचारावा असा आहे.

फी हा खर्चाचा एकच भाग झाला. अंतर, वेळ आणि भाषा यांचीही किंमत मोजावी लागते. दादर-परळच्या विद्यार्थ्याला कलाशाखेसाठी पूर्वी सहसा गिरगाव, धोबीतलाव किंवा काळा घोडा गाठावा लागे. १९३७ साली पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने माटुंग्यास रुईया महाविद्यालय उघडले. खालसा महाविद्यालयही त्याच वर्षीचे. १९५४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने दादरला कीर्ती महाविद्यालय सुरू केले. ही सोसायटी टिळक-आगरकरांची. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेणाऱ्या आजीव सदस्यांच्या बळावर ती उभी राहिली होती. साठच्या दशकात परळमध्ये महर्षी दयानंद महाविद्यालय आले आणि गिरणगावाच्या मुलांना पायी जाता येईल इतके कॉलेज जवळ झाले.

वेळेचा प्रश्न सोडविला तो बाबासाहेबांनीच. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापून त्यांनी २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. सकाळी वर्ग, मग कचेरी, असा दिनक्रम हजारोंनी आखला. स्वतःसाठी शिष्यवृत्ती मिळालेल्या माणसाने पुढच्यांसाठी महाविद्यालय उभारावे, ही कृतज्ञतेची खरी रीत होय.

भाषेच्या बाबतीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, ते मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याच्या हेतूने. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाखांची देणगी दिली आणि १९३६ साली विद्यापीठाचे ठाणे मुंबईत आले. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजीच्या धास्तीने पदवी सोडावी लागू नये, हा विचार त्यामागे होता. आमच्या मराठी भाषक ख्रिस्ती कुटुंबांना तो आजही जवळचा वाटावा.

स्वातंत्र्यानंतर भार उचलणारा नवा खांदा पुढे आला, तो शासनाचा. महाराष्ट्रात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफीची योजना आली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे तेव्हापासून घरोघर परिचित झाली. पुढे मान्यताप्राप्त महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे वेतन शासकीय अनुदानातून मिळू लागले. लालबाग-परळच्या अनेक घरांत पहिला पदवीधर या अनुदानामुळेच निर्माण झाला.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फसला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि शिकत्या मुलांवर घराचा भार आला. त्यापुढच्या काळात महाविद्यालयांतून विनाअनुदानित अभ्यासक्रम वाढत गेले. या अभ्यासक्रमांचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधूनच भागवावयाचा असतो. त्यामुळे आज एकाच इमारतीत दोन महाविद्यालये नांदताना दिसतात: एका वर्गात अनुदानित बी.ए., शेजारच्या वर्गात कितीतरी पट महाग असा 'मास मीडिया'सारखा अभ्यासक्रम. झगमगाट पाहून पालक दुसऱ्या वर्गाकडे वळतात, कर्ज काढतात. आणि इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान यांचे अनुदानित वर्ग ओस पडतात. विद्यार्थी नाहीत म्हणून प्राध्यापकाची जागा भरली जात नाही आणि प्राध्यापक नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत. दोनशे वर्षांत अनेकांनी मिळून उघडलेले दार असे आपल्याच दुर्लक्षाने लोटले जात आहे.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही कॉलेजच्या नावाआधी काही प्रश्न देतो. अभ्यासक्रम अनुदानित आहे काय? ज्या विषयात पदवी घ्यावयाची त्याला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते काय? घरून पोहोचावयास किती वेळ लागतो? नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी तीन वर्षांनी घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळविता येते. त्या चौथ्या वर्षाचा खर्च आधीच ध्यानात घ्यावा. एल्फिन्स्टन २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक झाले आहे, तर सेंट झेवियर्स आणि रुईया स्वायत्त आहेत; तेव्हा प्रवेशाच्या तारखा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे विचाराव्यात. ख्रिस्ती अल्पसंख्य महाविद्यालयांत आपल्या समाजासाठी राखीव जागा असतात. बाप्तिस्म्याचा दाखला वेळेवर मागून घ्यावा. नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश न मिळाल्यास खंत करू नये. मन लावून शिकविणारे दोन प्राध्यापक आणि उघडे ग्रंथालय एवढी सामग्री बी.ए.ला पुरते.

आता थोडे आपल्याविषयी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक घोषणापत्र प्रसिद्ध केले. गुणी परंतु निर्धन विद्यार्थ्यांना कॅथोलिक उच्च शिक्षणसंस्थांत प्रवेश सुलभ व्हावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. या कसोटीवर आपल्या संस्थांनी आपली फी, आपले माध्यम आणि आपले प्रवेशाचे नियम दरवर्षी तपासून पाहावेत. राखीव जागा असून मराठी शाळेतून आलेले आपले मूल तेथपर्यंत पोहोचत नसेल, तर दोष केवळ त्या मुलाचा नाही.

धर्मग्रामांनीही हात आखडता घेऊ नये. पुष्कळ ठिकाणी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम चालते. १८३३ साली ती स्थापन करणारा फ्रेडरिक ओझानाम स्वतः पॅरिसमधला वीस वर्षांचा विद्यार्थी होता. सोसायटी धान्य देते, औषध देते. कलाशाखेच्या एका विद्यार्थ्याचा रेल्वेपास आणि पुस्तके एवढा भार प्रत्येक धर्मग्रामाने तीन वर्षे उचलावा, अशी आमची विनंती आहे. अनुदानित बी.ए.ची फी सण साजरा करण्याच्या खर्चापुढे लहान असते. जे आज मिळवते झाले आहेत त्यांनी आपली फी कोणी भरली होती ते एकदा आठवावे आणि येत्या जूनमध्ये तेवढीच रक्कम एका मुलाच्या नावे जमा करावी.