स्पिरिटची फुगलेली नोंदवही

मुलगा शाळा सोडून गेला, की जनरल रजिस्टरमधली त्याची ओळ कोणी पुसून टाकत नाही. दाखल्याचा शेरा पडतो, ओळ तशीच राहते आणि रजिस्टर वर्षागणिक जाड होत जाते. मंगळावर गेलेली एक गाडी अशाच रजिस्टरपायी गमवावी लागते की काय, अशी वेळ २००४ साली आली होती.

ही गाडी म्हणजे अमेरिकेची 'स्पिरिट'. ४ जानेवारी २००४ रोजी ती गुसेव विवरात उतरली. तिच्या संगणकात दोन प्रकारची स्मृती होती. त्यांपैकी १२८ मेगाबाइटची चालू स्मृती फळ्यासारखी. संगणक बंद झाला की फळा कोरा. दुसरी २५६ मेगाबाइटची फ्लॅश स्मृती, म्हणजे कपाट. फ्लॅशमध्ये विद्युतभार निरोधक थराच्या आत कोंडलेला असतो, त्यामुळे वीज नसतानाही नोंद टिकते. रात्री संगणक बंद करून झोपणाऱ्या गाडीला असे कपाट हवेच.

२१ जानेवारीला, म्हणजे गाडीच्या मंगळावरील अठराव्या दिवशी, संपर्क बिघडला. आज्ञा पाठवणाऱ्या ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा केंद्रावर त्या वेळी वादळी पाऊस होता, त्यामुळे पहिला संशय पावसावर गेला. पण पाऊस सरला तरी गाडी धड बोलेना. २३ तारखेला सेकंदाला अवघे दहा बिट, मग एकशेवीस बिट, अशा वेगाने थोडी माहिती आली. तिच्यावरून कळले, की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होत आहे. एकदोनदा नव्हे, साठाहून अधिक वेळा! रात्रीही तो जागाच होता आणि बॅटरी उतरत चालली होती.

पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी येथे जो विचार केला, तो आम्हाला या साऱ्या हकीकतीत सर्वांत मोलाचा वाटतो. सुरू होताना संगणक दर वेळी कोणते काम करतो आणि अडखळतो? फ्लॅशचे कपाट उघडण्याचे. मग कपाट न उघडताच सुरू हो, असे त्याला सांगून पाहावे. अशा आज्ञेची सोय उड्डाणापूर्वीच केलेली होती. ती पाठवली आणि गाडी ताळ्यावर आली.

कपाट मात्र शाबूत होते. दोष निघाला नोंदवहीत. फायलींची यादी ठेवण्याची पद्धत घरगुती संगणकावरच्या जुन्या डॉस प्रणालीची होती. तिच्यात फाइल काढून टाकली, तरी यादीतली ओळ फक्त रिकामी म्हणून खुणावली जाते. नवी नोंद त्या ओळीत करता येते, पण यादीची पाने कमी होत नाहीत. सात महिन्यांच्या प्रवासातल्या फायली तिच्यात होत्याच, वर मंगळावरच्या आल्या. संगणक सुरू होताना ही सगळी यादी फळ्यावर उतरवून घेई. एके दिवशी फळाच पुरेना. 'जागा नाही' असा निरोप मिळून काम पुढे सरकायला हवे होते; पण जागा मागणारे काम जागच्या जागी थांबावे, अशी रचना होती. काम थांबले, की संगणक नव्याने सुरू होई, पुन्हा तीच यादी उघडी, पुन्हा अडके. जुन्या फायली काढणारी आज्ञावली दोन भागांत पाठवलीही होती, पण एकच भाग पोचला होता. दुसरा पुन्हा पाठवायचा होता एकोणिसाव्या दिवशी! पृथ्वीवरच्या चाचण्यांत मात्र इतके दिवस सलग कधी गेलेच नव्हते.

आमच्या प्रयोगशाळेतही तापमान नोंदणारे एक उपकरण असेच रुसले होते. आम्ही दोन मेमरी कार्डे बदलली, तेव्हा कुठे यादीकडे लक्ष गेले. असो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश पूर्ण पुसून नवी यादी मांडली गेली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेल्या स्पिरिटचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला.

तिची जुळी 'ऑपॉर्च्युनिटी' २०१४ च्या ऑगस्टमध्ये अशीच वारंवार बंद पडू लागली. लक्षण तेच, पण या खेपेस संशय कपाटावरच होता: दहा वर्षे लिहून-पुसून फ्लॅशचे कप्पे झिजले होते. सप्टेंबरमध्ये ती पुसून पाहिली, त्रास परतला. तेव्हा गाडी काही काळ निव्वळ फळ्यावर चालवली. दिवसाची माहिती झोपण्यापूर्वीच पाठवून द्यायची. २०१५ साली सातांपैकी एक भाग वगळून उरलेल्या सहा भागांवर काम सुरू झाले. जून २०१८ मधल्या धुळीच्या वादळापर्यंत ती बोलत होती.