कुंपणच शेत खातं तेव्हा

आमच्या वऱ्हाडात अंगावर उठणाऱ्या फोडांना नावांची कमतरता नाही. देवी, कांजण्या, नागीण, खांडूक. देवी गेल्या; म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या वणांत तेवढ्या उरल्या. पण एक फोड असा आहे की ज्याला आपल्या बोलीत नावच नाही. मग लोक जवळचं नाव देऊन मोकळे होतात. कुणी नागीण म्हणतं, कुणी गरमी, आणि आवाज खाली आणून कुणी महारोग. डॉक्टर त्याला पेम्फिगस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधाच आहे: फोड.

आपल्या कातडीच्या पेशी एकमेकींना गोधडीसारख्या टाचलेल्या असतात. त्या टाक्यांमधलं एक प्रथिन म्हणजे डेस्मोग्लीन. शरीराची राखण करणारी शक्ती कधीकधी त्यालाच वैरी समजते आणि त्याच्यावर प्रतिपिंडं सोडते. टाके उसवतात, मधे पाणी साचतं, फोड येतो. तोही असा ढिला की कूस बदलली तरी फुटावा. कुंपणानेच शेत खावं, तसा हा प्रकार. यात जंतू नाही, संसर्ग नाही. रोग्याच्या ताटात जेवलं तरी तो होत नाही.

हे कळायला मात्र विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. निकोल्स्की या रशियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक खूण दाखवून दिली होती: फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी बोटाने दाबून सरकवली, तर वरचा पापुद्रा निघून येतो. १९४७ साली पॅरिसच्या त्झांक यांनी फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर पाहिला, तेव्हा एकमेकींपासून सुटलेल्या गोल पेशी दिसल्या. ही तपासणी आजही होते. एक सूक्ष्मदर्शक आणि थोडा रंग, बस. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हर यांनी म्हातारपणी येणारा, आधी खाज सुटून मग टणक फोड उठणारा रोग वेगळा काढला. तो पेम्फिगॉइड. त्यात उसवण कातडीच्या खालच्या थराशी होते. आणि १९६४ मध्ये बफेलो शहरात बॉयट्नर आणि जॉर्डन यांनी रुग्णाच्या रक्तातली ती प्रतिपिंडं चमकणाऱ्या रंगाच्या साहाय्याने प्रत्यक्ष दाखवली. घरभेदी सापडला तो तेव्हा.

औषध मात्र त्याआधीच हाती आलं होतं. १९४८ मध्ये कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं आणि दोनच वर्षांत त्याला नोबेल मिळालं. तोवर पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. उघड्या कातडीतून पाणी आणि प्रथिनं झिरपून जात, आणि मग जंतूंना रान मोकळं. स्टेरॉइडने जीव वाचू लागले, पण मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेतल्यावर त्याचीही किंमत द्यावी लागे. साखर वाढे, हाडं ठिसूळ होत, दबलेला क्षय डोकं वर काढी.

माझी फुफी जठारपेठेत राहायची. १९८६ साली तिच्या तोंडात फोड आले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. गुलकंद झाला, सब्जा झाला, जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. तीन महिन्यांनी पाठीवर उठले. कुणीतरी महारोग म्हटलं आणि शेजारच्या बायांनी ईदचा शिरखुर्मा दारातूनच घेऊन ठेवला, खाल्ला नाही. नागपूरला नेल्यावर रोगाचं नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या, कातडी धरली. चेहरा गोल झाला तर लोक म्हणाले, तब्येत सुधारली. मग गावातल्या एका दवाखान्यात सांगितलं गेलं की, बरं वाटतंय तर आता गोळ्या बंद करा. स्टेरॉइड असं एकाएकी थांबवायचं नसतं, टप्प्याटप्प्याने उतरवायचं असतं. १९८८च्या उन्हाळ्यात ती गेली.

त्याच्या चार वर्षं आधीच, १९८४ मध्ये, दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरिचा आणि डॉ. रामजी गुप्ता यांनी नवी उपचारपद्धत प्रसिद्ध केली होती. रोज गोळ्यांचा मारा करण्याऐवजी महिन्यातून लागोपाठ तीन दिवस डेक्सामेथॅसोन सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइडही, आणि मधल्या दिवसांत त्याचीच छोटी गोळी. दर अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा. याला पल्स म्हणतात, नाडीच्या ठोक्यासारखं. कातडी साफ झाली तरी थांबायचं नाही, पुढे कित्येक महिने हे चालूच. औषधं जुनी आणि स्वस्त होती, म्हणून ही पद्धत आपल्या सरकारी रुग्णालयांत रुजली. दोष तिच्यातही आहेत. सायक्लोफॉस्फामाइडने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, आणि आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा तरुण वयात गाठतो.

उघड्या कातडीला गादीची चादर चिकटते, ती ओढली की पुन्हा रक्त. आपल्याकडच्या वॉर्डांतून अशा रुग्णाला केळीच्या पानांवर निजवण्याची रीत आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्यांच्या जखमांवर हेच पान रीतसर तपासलं आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान गार, गुळगुळीत, न चिकटणारं आणि जवळजवळ फुकट. अकोटकडच्या केळीबागा पाहताना मला घडांआधी आता पानंच दिसतात.

पुढे रिटक्सिमॅब आलं. प्रतिपिंडं ज्या पेशींपासून तयार होतात, त्यांनाच ते गाठतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात दोन वर्षांनी औषधाविना बरे राहिलेले रुग्ण रिटक्सिमॅबच्या गटात ८९ टक्के होते, नुसत्या स्टेरॉइडच्या गटात ३४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. भारतीय कंपन्याही ते बनवतात, तरी मजुराच्या घराला ते जडच जातं.

अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जठारपेठेतून पाट्या वाचत चाललं तर त्वचारोगतज्ज्ञाची पाटीही लागते. पण या रोगाची सुरुवात बहुधा तोंडातून होते, आणि तोंडातल्या फोडासाठी कातडीच्या डॉक्टरकडे कोण जातं? अजूनही आधी गुलकंदच निघतो.