हलायचं नाही हं!

मनोरच्या नाक्यावर उभे आहात ना? मग डोळे मिटा. आधी ट्रकचे भोंगे विरतील, मग डिझेलचा वास जाईल. आता उघडा. पायाखाली डांबर नाही, घोट्यापर्यंत येणारी ऊन धूळ आहे. वैतरणेच्या काठी सागाचे ओंडके रचून ठेवलेत. ताज्या तोडलेल्या लाकडाचा तुरट वास आणि कुणाच्या तरी टोपलीतल्या सुक्या बोंबलांचा वास एकमेकांत असे मिसळलेत की कुठला कुठून येतो ते सांगता येऊ नये. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या वारली बाया तुमच्या अंगावरून झपाझप पुढे जातात. त्यांच्या पावलांचा वेग तुम्हाला जमणार नाही. तुम्ही आपले बैलगाडीत बसा. पालघर स्टेशन गाठेपर्यंत सगळी हाडं खिळखिळी होणार आहेत, पण इलाज नाही, आपल्याला आगगाडी पकडायची आहे.

या रुळांच्या एका अंगाला बडोदा, दुसऱ्या अंगाला दादर. ज्या माणसाच्या घरी मी तुम्हाला नेतोय त्याचं फोटोग्राफीतलं बरंचसं आयुष्य या दोन अंगांना घडलं. नाव धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून तुम्ही त्यांना ओळखताच. त्या मोठेपणाखाली त्यांची जुनी ओळख पार झाकली गेली, याची मला खरंच हळहळ वाटते. सिनेमाआधी ते माणसं खुर्चीवर बसवून त्यांचे फोटो काढत होते.

आधी बडोद्याची गाडी. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर चार जणांच्या जागेत सात. खिडकीतून कोळशाची कणी येते आणि नेमकी डोळ्यात जाते. डहाणू गेलं, सुरत गेलं, नर्मदेचा पूल धडधडत गेला. तोवर एवढं ऐकून ठेवा: बडोद्याच्या कलाभवनात 1890 पासून ते चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. 1892 साली अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळालं आणि ती पाहून भारावलेल्या एका चाहत्याने त्यांना चक्क एक महागडा कॅमेरा भेट दिला. मग गोध्र्याला जाऊन त्यांनी फोटोचा धंदा मांडला. तिथे प्लेग आला. बायको गेली, मूल गेलं. एकटा माणूस बडोद्याला परतला आणि पुन्हा कॅमेरा लावून बसला. त्या दारात आता तुम्ही उभे आहात.

आत या, पण आधी त्या काळ्या कापडाखाली डोकं घाला. गुदमरल्यासारखं होतंय? कापडाला घामाचा आणि औषधांचा वास आहे. थोडं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. समोरच्या दुधी काचेवर खोली दिसू लागेल, अख्खी उलटी. खुर्ची छताला लटकलेली, रंगवलेला पडदा खाली डोकं वर पाय. तुमच्याही नकळत तुम्ही मान वाकडी करता.

आता त्या खुर्चीत बसा. डोक्यामागे लोखंडी टेकू लागतो, थंडगार. हनुवटी जरा खाली. हात मांडीवर. हलायचं नाही हं! नाकाच्या शेंड्यावर माशी बसते. दाराशी गर्दी जमली आहे, कुजबुज ऐकू येते: हा डबा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो म्हणे, फोटो काढला की आयुष्य घटतं. शहरभर हीच आवई आहे. राजवाड्यातल्या युवराजांनीसुद्धा याच भीतीने फोटोला नकार दिला होता. फाळक्यांनी दरबारात फोटोग्राफीचे फायदे समजावून सांगितले तेव्हा कुठे ते बसले. त्या कुजबुजणाऱ्यांना हसू नका. घराघरातून प्लेगने माणसं उचलून नेली आहेत, लोक भिणारच. आणि भिंगामागे उभा असलेला माणूस मरण म्हणजे काय ते त्या सगळ्यांइतकंच ओळखतो.

भिंगावरची टोपी निघते. दोन-तीन सेकंद, पण केवढी लांब! कानात स्वतःच्याच रक्ताचा आवाज. टोपी बसते. तुम्ही श्वास सोडता आणि खरं सांगा, आपली शक्ती जाग्यावर आहे ना हे हळूच चाचपून बघता.

अंधाऱ्या खोलीत लाल कंदील. परातीतल्या औषधात काच हलते आहे. आधी काहीच नाही, मग एक डाग, मग तुमचे दात: काळेकुळकुळीत! केस पांढरेशुभ्र. स्वतःचा चेहरा असा भुतासारखा वर येताना बघितला की दारातली कुजबुज अगदीच वेडगळ वाटत नाही. छपाई उन्हात व्हायची आहे, ती होईपर्यंत थांबायला मात्र वेळ नाही. धंदा चालत नाही, हे रिकाम्या खुर्चीकडे बघून तुम्हालाही कळतंच. लवकरच फाळके नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागतील.

पुन्हा आगगाडी, आता दक्षिणेला. पालघर मागे पडतं, वैतरणेच्या पुलावर मनोरच्या बाजूने आलेलं तेच पाणी खाली चमकतं. दादरला उतरा. साल 1912, आणि फाळक्यांना आता हलती चित्रं टिपायची आहेत. पाऊस असा कोसळतोय की मथुरा भवनच्या, म्हणजे फाळक्यांच्या घराच्या, अंगणात पोचेपर्यंत धोतर पोटऱ्यांना चिकटलं. अंगणात काचेची एक छोटी खोली दिसते ना, ती फाळक्यांनी मुद्दाम बांधून घेतली आहे. विलायतेहून मागवलेला कॅमेरा मे महिन्यात आला आणि सोबतच्या आकृत्या बघत बघत त्यांनी तो चार दिवसांत जोडला. फिल्म येते ती कोरी, कडांना भोकं नसलेली. ती भोकं पाडायची अंधारात, निव्वळ बोटांच्या अंदाजाने. घरातली सगळी कामं उरकून सरस्वतीबाई, म्हणजे फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी, हे काम करतात. जरा कान द्या: टक्, टक्, टक्. बाहेर पागोळ्या, आत हा आवाज. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वात मोलाचा आवाज हाच.

आजूबाजूच्या पोराबाळांचं चित्रण करून कॅमेरा तपासून झाला आहे. आता कॅमेऱ्यासमोर एक कुंडी आहे. माती, त्यात पुरलेला वाटाणा. बस्, एवढंच! टेकू नको, रंगवलेला पडदा नको, शक्ती जाईल म्हणून घाबरणं नाही. असं गुणी गिऱ्हाईक बडोद्यात मिळालं नव्हतं. रोज तुम्ही येता, फाळके येतात, थोडंसं चित्रण होतं, तुम्ही जाता. कुंडी हलवायची नाही, कॅमेरा हलवायचा नाही. एका सकाळी माती तडकते. ओल्या मातीचा वास, पोपटी टोक. महिन्याहून अधिक काळ हे चालतं. तुम्ही कंटाळता, ते नाही.

मग एक दिवस खिडक्या बंद करून मोजक्या लोकांना बसवतात. दाटीवाटी, ओल्या छत्र्या, तापलेल्या यंत्राचा वास. पाहुण्यांत यशवंतराव नाडकर्णी आहेत, पुढे पैशाचा हात देणारे. यंत्र खडखडतं. पडद्यावर माती. ती थरथरते, फुटते, कोंब मान वर काढतो, डोलतो, पान उलगडतं, वेल चाचपडत चाचपडत वर चढते. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात, शेजाऱ्याच्या खांद्याला तुमचा खांदा लागला तरी कळलं नाही. जेमतेम मिनिटभराचं सगळं.

कुणीतरी ओरडतं, पुन्हा दाखवा! तो आवाज तुमचाच आहे. यंत्र परत खडखडतं आणि पडद्यावर नुसती माती दिसते.