शाळेत संगणक आला, पण शिकवायचं काय? तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम असा ठरतो

अमरावती/अकोला : झेडपी शाळेत संगणक आला म्हणजे तंत्रज्ञान शिक्षण सुरू झालं, असं नाही. कोणत्या वर्गाला काय, किती तास आणि कोण शिकवणार, हे आधी ठरावं लागतं. नाहीतर संगणक कपाटातच राहतो.

पाबळचा अनुभव
पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय 'आयबीटी' नावाने ओळखला जातो. राज्य मंडळाने तो आठवी ते दहावीसाठी मान्य केला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग आहेत. आठवड्यातला एक दिवस पोरं हातानं काम करून शिकतात.

नवं धोरण
२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना आहेत. या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडं शिकायचं.

वऱ्हाडात काय बसेल?
• खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यातले क्षार मोजणं
• शेतातल्या मोटारीच्या विजेचा हिशेब
• मोबाईलवर कापूस, तुरीचे बाजारभाव पाहणं
• ओटीपीची फसवणूक ओळखणं

गावाच्या हाती काय?
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. त्यामुळे पुढच्या बैठकीत पालकांनी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : आठवड्याला तास किती, शिक्षकांचं प्रशिक्षण कधी, वीजबिल कोण भरणार आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार?