गुडघ्यावर उभा राहिलेला संघ

२९ डिसेंबर २०२४. बालेवाडीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये प्रो कबड्डीची फायनल होती. पिरंगुटहून दोन गाड्यांवर आम्ही चौघं गेलो. घरापासून अर्ध्या तासावर फायनल, आणि मॅटवर कोण? हरियाणा आणि पटना. आपली पलटण प्ले-ऑफलासुद्धा नव्हती. ज्या संघाने दहा महिन्यांपूर्वी कप उचलला, तो घरच्या हॉलमध्ये फायनलला नाही. जाताना रस्ताभर एकच विषय चालला होता: अस्लमचा गुडघा.

पुणेरी पलटणचा इतिहास मला तरी दुखापतींचाच इतिहास वाटतो. २०१४ ला लीग सुरू झाली, पहिले दोन्ही हंगाम आपण तळाला. मग पैसा ओतला. सहाव्या हंगामात नितीन तोमरला १ कोटी १५ लाखांना घेतलं. माणूस जबरदस्त, पण अंगाने साथ दिली नाही. तो बाहेर बसला की आपली चढाई बसायची. कोटीचा चढाईपटू बाकावर आणि मॅटवर रिकाम्या हाताने परतणारी पोरं, हे आपण किती वेळा बघितलंय.

कबड्डी न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. सात जण आत, पाच बाहेर. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटूच बाद. हातात तीस सेकंद. ही तिसरी चढाई वेगळंच काम आहे. एरवी झकास खेळणारा पोरगा तिसरीला गेला की पाय जड होतात, निदान रेषा ओलांडतो न ओलांडतो तोच कोपऱ्यातला घोट्याला बिलगतो. समोर तिघंच उरलेत आणि पकड झाली तर त्यांना दोन गुण. ज्याच्यावर तिसरीला डोळे झाकून भरवसा टाकावा असे गडी फार थोडे. त्यातला एक जायबंदी झाला की सगळा हिशेबच कोलमडतो.

आठव्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन कोवळी पोरं पुढे आली. अस्लम आपल्या नगर जिल्ह्याचा. नवव्या हंगामात या दोघांच्या जिवावर संघ गुणतक्त्यात दुसरा आला. आणि ऐन बाद फेरीच्या तोंडावर दोघंही जखमी! सेमीफायनल पंकज मोहितेने जवळपास एकट्याने ओढून काढली. पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरने फायनल ३३-२९ ने घेतली. चार गुण. अस्लम-मोहित असते तर, हे वाक्य मी तेव्हापासून किती जणांच्या तोंडून ऐकलंय.

पुढच्या वर्षी मात्र संघाने शहाणपण केलं. इराणच्या शादलुईला २ कोटी ३५ लाख मोजले. म्हणजे सगळ्यात मोठा पैसा चढाईवर नाही, पकडीवर. आणि चढाईत अस्लम, मोहित, पंकज, नाशिकचा आकाश शिंदे असे चौघं तयार. एकाचा दिवस नसेल तर दुसरा. साखळीत ९६ गुण, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणावर २८-२५. त्या फायनलमध्ये पंकजने एकाच चढाईत चार गुण काढले, तेव्हा आमच्या चौकात फटाके वाजले होते.

लगेच पुढच्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, अस्लमचा गुडघा गेला, आणि आम्ही बालेवाडीत बसून शादलुईच्या हरियाणाला कप घेताना बघितलं. ३१ ऑक्टोबर २०२५ ला परत फायनल, दिल्लीत दिल्लीकडून २८-३१. दिल्लीच्या कोपऱ्यात उभा होता फजल अत्राचली, २०२२ चा आपलाच कप्तान. नशीब म्हणावं का काय.

आता मूळ मुद्दा. पलटणकडे निदान फिजिओ आहे, एमआरआय आहे, बदली गडी आहे. आमच्या मुळशीत काय आहे?

भात निघालं की खाचर रोलरने दाबायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, हॅलोजन लावायचे. मी स्वतः सहा वर्षं गावाचा चढाईपटू होतो. एका जत्रेच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला वळताना उजव्या गुडघ्यातून कडाक्कन आवाज आला. ग्राउंडवर बर्फ नव्हता. लिंबू सरबताच्या गाडीवरून आणला. कोणीतरी म्हणालं, "चोळून घे, उतरेल." चोळलं. तीन आठवडे चोळत होतो. लिगामेंट तुटलंय हे कळलं तेव्हा ऑपरेशनचा खर्च ऐकून वडील गप्प झाले. आईने गंठण मोडलं. आज मी जिना उतरताना कठडा धरतो.

माझ्याबरोबरचे तिघं असेच थांबले. आता आपली पोरं मॅटवर खेळतात, बूट मॅटला धरून बसतो, पाय तिथेच आणि अंग वळतं. पण ग्राउंडवरची व्यवस्था माझ्या वेळचीच: एक स्प्रे, एक क्रेप बँडेज. बक्षीस मात्र लाखाचं, ढाल माणसाएवढी, आणि फ्लेक्सवर चाळीस फोटो. त्यात खेळणाऱ्याचा एकही नाही.

गेल्या वर्षी जत्रेच्या मीटिंगला मी म्हणालो, पहिल्या बक्षिसातले वीस हजार कापा, दोन्ही दिवस फिजिओ आणि एक ॲम्ब्युलन्स उभी करा, खेळणाऱ्यांचा अपघात विमा काढा. एकजण हसून म्हणाला, "दादा, ॲम्ब्युलन्स बघायला कोण येतंय?"

यंदाची मीटिंग पुढच्या रविवारी आहे. परत बोलणार आहे. माझा पुतण्या या वर्षी पहिल्यांदा चढाईला उतरतोय. तालुक्यातल्या ज्यांना पटतंय त्यांनी आपापल्या गावच्या मीटिंगला हेच मांडा.