यजितपत्राची योग्यता

वादाच्या बाबतींत लोकांचे प्रश्न बहुधा तेच असतात. दावा कोणापुढें न्यावा, खर्च कोणीं सोसावा, आणि तडजोड झाल्यावर प्रतिपक्षानें पुन्हा उचल केली तर काय? पैकीं शेवटचा प्रश्न सर्वांत बिकट. त्याचें जुनें उत्तर ज्या कागदांत सांपडतें, त्याचीच आमच्या संग्राहकांकडून अधिक हेळसांड होते, असें आम्हांस वाटतें.

मराठेशाहींत वतनाचा वाद गोतापुढें आला म्हणजे अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांकडून आधीं राजीनामे घेत. येथें राजीनामा म्हणजे सभेचा निवाडा मान्य करूं असें वचन. त्याजबरोबर वर्तणुकीस जामीन घेत. पुढें तकरिरा, साक्षी, क्वचित् दिव्य. आणि शेवटीं निवाडा. जिंकणारानें सरकारांत हरकी भरावी, हरणारानें गुन्हेगारी, असा प्रघात होता. परंतु एवढ्यानें काम संपत नसे. हरणाराकडून यजितपत्र लिहवून तें जिंकणाराच्या हवालीं करीत. वतनाशीं आपला संबंध नाहीं, पुन्हा कथळा केल्यास आपण गोताचे अन्यायी व दिवाणचे गुन्हेगार, असा त्याचा मजकूर असे. पुढें नातवानें भांडण उकरलें तर त्याच्या आजाचा हा कागद त्याजपुढें ठेवितां येई.

मात्र कबुली लिहून दिली म्हणजे ती राजीखुषीची ठरते काय? करमाळें तालुक्यांतील जेऊर ज्या सोलापूर जिल्ह्यांत आहे, तेथें हा प्रश्न इंग्रजी अमलांत फार तीव्र झाला. १८७५ सालीं सुपें येथून सुरू झालेल्या दंग्यांत कुळांचा रोष सावकारांच्या रोख्यांवर होता. त्यानंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. समेट करणारा अधिकारी जेथें नेमलेला असे, तेथें सावकारास आधीं त्याजकडे जावें लागे. समेट न झाल्यास त्याचा दाखला घेऊनच दावा लावितां येई. शिवाय कुळानें रक्कम कबूल केली, तरी ती कबुली खरी असून आपले हक्क पुरते जाणून दिली आहे अशी न्यायाधीशाची खात्री होईतों व्यवहाराचा मुळापासून तपास करावा लागे.

आजहि १९८७ च्या कायद्यान्वयें लोकअदालतींत झालेल्या तडजोडीवर अपील चालत नाहीं. म्हणून संमतीच्या खरेपणाचें महत्त्व कमी झालेलें नाहीं.

हीच कसोटी जुन्या कागदांस लाविली पाहिजे. सुटें यजितपत्र एवढेंच सांगतें कीं अमका हरला. तो पटून हरला कीं दबून, हें त्याची तकरीर, साक्षी व जामीनकतबा एकत्र वाचल्यावांचून समजत नाहीं. परंतु संग्राहक शिक्क्याचें निवाडपत्र उचलितात, आणि बिनशिक्क्याचे बाकीचे बंद मागें राहतात.

उजनी धरणामुळें भीमाकांठचीं करमाळें तालुक्यांतील गांवें उठलीं. घर हललें म्हणजे दप्तरहि हलतें, आणि हलतांना फुटतें. यास्तव जेऊराकडील संग्राहकांस आमची विनंती कीं रुमाल जसा हातीं येईल तसाच ठेवावा, कागदांचा क्रम मोडूं नये, आणि हरलेल्या पक्षाच्या घराण्याकडेहि विचारपूस करावी. त्याची बाजू त्याच्याच घरीं शिल्लक असण्याचा संभव अधिक.